नियम बदलण्याचा खेळ नेटवर कुठे मांडावा? आपापले अनुभव सांगा

राजेंद्रनगरातल्या आमच्या गच्चीवर नॉमिक रंगतो. पीटर सुबर या अमेरिकी तत्त्वज्ञांनी रचलेला हा खेळ १९८२ साली लोकांसमोर आला. आपल्या पाळीला नियमांत बदल सुचवायचा, बाकीच्यांनी मत द्यायचं. खेळता खेळता नियमावलीच पालटत जाते. आता निम्मी मंडळी नोकरीपायी इंदूरबाहेर गेली, म्हणून खेळ ऑनलाइन न्यायचाय. जिथे खेळून पाहिलं असेल तिथलं मोकळेपणानं लिहा. माझी अट एकच: आज कुठला नियम लागू आहे, हे सगळ्यांना एकसारखं दिसलं पाहिजे.

सुदामानगरहून

आम्ही फोनवरच्या ग्रुपातच सुरू केलं, कारण सगळे आधीपासून तिथे होते. प्रस्ताव ३०४ वर (प्रस्तावांचे क्रमांक ३०१ पासून सुरू होतात) मतं पडत असताना मांडणाऱ्यानं मधेच ‘प्रत्येक खेळाडू’चं ‘प्रत्येक हजर खेळाडू’ करून टाकलं. हेतू चांगला होता, वाक्य नेमकं करायचं होतं. पण आधी ज्यांनी ‘हो’ म्हटलं, त्यांनी होकार दिलेलं वाक्यच उरलं नाही! त्या रात्री बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. सुबर यांच्या मूळ नियमावलीतला नियम १०६ नेमका याबद्दलच आहे: प्रस्ताव मतदानाआधी लिहिलेला असावा, आणि ज्या रूपात त्यावर मतं पडली त्याच रूपात तो लागू व्हावा.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो, डिस्कॉर्ड या गटगप्पांच्या ॲपवर कितीही दिवसांनी. बदल झाल्याची खूण दिसते, मूळ मजकूर दिसत नाही. यावर आम्ही काढलेला तोडगा अजून टिकून आहे: पुढच्या पाळीचा खेळाडू प्रस्ताव जसाच्या तसा कॉपी करून पुन्हा टाकतो आणि मतं त्या प्रतीवर पडतात. दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराला मांडणारा हात लावू शकत नाही.

लोकमान्यनगरहून

मी कोर्टात रीडर, म्हणजे न्यायाधीशांच्या फायली सांभाळणारा कारकून होतो. ऑर्डरशीटवर खाडाखोड झाली की तिथे सही लागायची, म्हणून सुदामानगरकरांचा वाद मला फार जवळचा वाटला. माझं मत ईमेलला. एकदा पत्र सगळ्यांच्या पेटीत पोचलं की प्रत्येकाकडे आपली प्रत राहते, वेळेच्या नोंदीसकट. अगोरा नावाचा नॉमिक १९९३ पासून ईमेलच्याच आधारावर चाललाय, हे काही उगाच नाही. ईमेलवर खेळ संथ होतो, हे मान्य. पण प्रस्ताव दोनदा वाचून मत देणारे खेळाडू मला तिथेच भेटले.

माहेर इंदूर, सध्या वडोदरा

काका, पटलं, पण माझ्या गटातली कॉलेजची मुलं ईमेल उघडतच नाहीत. आम्ही डिस्कॉर्डवर आहोत. प्रस्तावांचा चॅनेल वेगळा, मतांचा वेगळा, गप्पांचा वेगळा. मोठा फायदा असा की नवा खेळाडू आला की पहिल्या दिवसापासूनचं सगळं वाचू शकतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात जुने संदेश नव्याला आपोआप दिसत नाहीत. मग जो तो ‘नियम पाठवा ना’ म्हणत बसतो.

रामबागेतून

गुणांचं आधी ठरवा. समोरासमोर खेळताना दर पाळीला गुणांसाठी फासा टाकतात. पत्रानं किंवा संगणकावर खेळताना काय करायचं, ते सुबर यांनीच लिहून ठेवलंय. प्रस्तावाच्या क्रमांकातून २९१ वजा करायचे आणि अनुकूल मतांच्या प्रमाणानं गुणायचं. प्रस्ताव ३११ ला पाचांपैकी चौघांचा होकार, तर २० चे चार पंचमांश, म्हणजे १६ गुण. त्यामुळे मत शब्दांत लिहून द्यावं. नुसता अंगठा धरू नये, तो नंतर गुपचूप काढून घेता येतो.

आणि अशा खेळात पाळी आडनावांच्या वर्णानुक्रमे असते. ‘ओक’ देवनागरीत सुरुवातीला, रोमनमध्ये मध्यावर. क्रम कुठल्या लिपीचा, हेही लिहून टाका.

स्नेहलतागंजमधून

कोणी परदेशात असेल तर मतदानाची मुदत भारतीय वेळेत लिहा. बास.

पुन्हा सुदामानगरहून

ॲडमिनचा विषय कुणीच काढला नाही, म्हणून परत आले. कुठलंही ॲप घ्या, ॲडमिन खेळाडूला बाहेर काढू शकतो, आणि खेळाचा कुठलाही नियम त्याचा हात धरत नाही. इथे आपण दर बदलासाठी मतं मागतो, नियम १०५ नं प्रत्येकाला मताचा हक्क दिलाय, आणि एका बटणावर तो हक्क जातो. आमच्याकडे कुणी तसं केलं नाही, तरी मला ते खुपतं. दोन ॲडमिन ठेवा, त्यातला एक न खेळणारा. खेळाडूला काढायचं तर आधी प्रस्ताव, मग बटण, असा नियमच करा.

राजेंद्रनगरहून, धागा मांडणारा

ताई, हे नियमांत घालतोच. आत्तापुरतं असं ठरतंय: प्रस्ताव आणि मतं ईमेलवर, गप्पा व्हॉट्सॲपवर, आणि चालू नियमावली गूगल डॉक्समध्ये, कारण तिथे जुनी रूपं उघडून बघता येतात. दोन ठिकाणी तफावत निघाली तर ईमेल खरी. हे सगळं प्रस्ताव ३०१ म्हणून मांडणार आहे. तो साधा नियम ठेवायचा की १०१ ते ११६ सारखा अपरिवर्तनीय करायचा, यावर मात्र घरातच दोन तट पडलेत. अपरिवर्तनीय केला तर तो पुन्हा सैल करायला एकूणएक खेळाडूचा होकार लागेल, आणि तेवढ्यात ते ॲपच बंद पडलं तर मत द्यायचं कुठे? मी साध्या नियमाच्या बाजूनं आहे. काका, तुम्ही?