"२९ इंची फ्लॅटच घ्या": जुन्या गेमसाठी टीव्ही निवडताना हा सल्ला कुणी देऊ नये

ट्यूबवेडा

काल एका ठिकाणी वाचलं: "जुने गेम खेळायचेत? २९ इंची फ्लॅट घ्या, १०० हर्ट्झवाला मिळाला तर डोळे झाकून उचला. २१ इंची फुगीर डबे भंगारातच बरे." खाली +१ ची रांग लागलेली. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. बोलतोय ते काचेच्या ट्यूबच्या (सीआरटी) जुन्या टीव्हींबद्दल: त्यातले "फ्लॅट" म्हणजे पुढची काच सपाट, "फुगीर" म्हणजे ती बाहेर फुगलेली.

१०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा चित्र काढणारा, सेट आलेला सिग्नल आधी डिजिटल करून मेमरीत ठेवतो आणि मग दुप्पट वेगाने पडद्यावर काढतो. फॅमिकॉम, मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेंडो ही गेमची यंत्रं इंटरलेस न करता (म्हणजे एकाआड एक ओळी दोन फेऱ्यांत, दोन फील्डमध्ये, न काढता) त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा काढतात, एनटीएससीत (जपान-अमेरिकेची टीव्ही पद्धत) साधारण २४०. बहुतेक १०० हर्ट्झ सेटना हे कळत नाही. ते दोन फील्ड समजून एकमेकांत विणतात आणि धावणाऱ्या पात्राच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. शिवाय बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत उशीर होतो तो वेगळाच.

लाइट गन (पडद्यावर नेम धरायची खेळातली बंदूक) तर विसराच. डक हंट या गेममध्ये ट्रिगर दाबला की एक फ्रेम पडदा काळा होतो, मग लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला सेन्सर नेमका त्याच वेळी उजेड शोधतो. चित्र उशिरा आलं की नेम चुकला. शिवाय झॅपरचं, म्हणजे या बंदुकीचं, सर्किट १५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लाइन फ्रिक्वेन्सीला (सेकंदाला किती ओळी निघतात त्याला) जुळवलेलं असतं, आणि १०० हर्ट्झ सेट ३१ किलोहर्ट्झवर चालतो.

आता काचेचं बोलू. २१ इंची फुगीर ट्यूब ९० अंशांची असते, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनचा झोत एवढ्या कोनात वळवावा लागतो. तिच्या योकची (झोत वळवणारी कॉइल) गुंडाळणीच अशी असते की डाव्या-उजव्या कडा जास्तीच्या सर्किटशिवाय सरळ येतात. २९ इंची ट्यूब ११० अंशांच्या आसपासची असते, तिला ईस्ट-वेस्ट करेक्शन (डाव्या-उजव्या कडा सरळ करणारं सर्किट) लागतं. त्यातला एक कपॅसिटर सुकला की कडा धनुष्यासारख्या आत येतात. बातम्या बघताना ते जाणवत नाही, पण आडव्या सरकणाऱ्या गेममध्ये प्रत्येक खांब कडेला वाकतो. स्लिम मॉडेलं याहून वाईट, कारण खोली कमी करायला त्यांचा कोन १२५ अंशांपर्यंत नेलेला असतो. त्यांचे कोपरे पूर्ण जुळवणं जवळजवळ अशक्य असतं.

माझ्या मते घ्यावा तो २१ इंची, फुगीर, साधा ५० हर्ट्झचा, मागे एव्ही इन असलेला आणि एनटीएससी चालवणारा.

हॉलमधला२९

तो सल्ला देणाऱ्यांपैकी मी एक. १०० हर्ट्झबद्दल तुमचं बरोबर आहे, ते वाक्य मागे घेतो. पण त्या काठीने सगळ्या २९ इंची सेटना झोडपू नका. साधा ५० हर्ट्झचा २९ इंची फ्लॅट डीव्हीडीच्या काळात आला आणि त्यातल्या बऱ्याच सेटना कंपोनंट इनपुट (चित्र तीन वायरींनी घेणारं) आहे. प्लेस्टेशन २ कंपोनंटने जोडून बघा, मग २१ इंचीच्या पिवळ्या पिनवर (कंपोझिट, सगळं चित्र एकाच वायरने) बघा. मेन्यूतली बारीक अक्षरं एकीकडे वाचता येतात, दुसरीकडे अक्षरांच्या कडेने ठिपके रांगत असतात. स्वस्त २१ इंचीत रंग आणि उजेड नीट वेगळे करणारा कॉम्ब फिल्टरच नसतो. रंग वेगळा काढताना चित्राचा तपशीलही कापला जातो. आणि चौघांनी एका पडद्यावर खेळायचं तर २१ इंचीचा पाव भाग म्हणजे कर्णावर मोजून जेमतेम साडेदहा इंच. तुम्ही फक्त फॅमिकॉम डोळ्यासमोर ठेवून सगळ्यांना नियम लावताय.

तीनपॉइंटअठ्ठावन्न

दोघंही इंचांवर भांडताय, पण आधी यंत्र कुठलं ते विचारा. आपल्याकडे मिळायची ती कार्ट्रिजवाली क्लोन यंत्रं पाल (आपली टीव्ही पद्धत), ५० हर्ट्झची. ती कुठल्याही जुन्या सेटवर चालतात. जपानी किंवा अमेरिकी यंत्र आणलं तर ते एनटीएससी, ६० हर्ट्झ. फक्त पाल समजणाऱ्या सेटवर चित्र कृष्णधवल येतं, कारण एनटीएससीचा ३.५८ मेगाहर्ट्झवरचा रंगाचा सिग्नल सेटला उलगडता येत नाही. चित्र वरखाली गडगडत असेल तर ६० हर्ट्झला व्हर्टिकल लॉक होत नाहीये, म्हणजे सेट त्या वेगाशी जुळत नाहीये. मागच्या पट्टीवर "एनटीएससी ३.५८" छापलंय का पाहा. नुसतं ४.४३ लिहिलं असेल तर फसाल, ते कॅसेटवाल्या व्हीसीआरसाठी होतं.

आरएफने, म्हणजे अँटेनाच्या सॉकेटमधून, जोडणारे ऐका: चित्र आहे आणि आवाज नाही, तर बिघाड शोधत बसू नका. यंत्राची आणि सेटची आवाजाची कॅरिअर (आवाज वाहून नेणारी लहर) जुळत नसते: आपल्याकडच्या सेटवर ती ५.५ मेगाहर्ट्झवर, हाँगकाँगच्या पद्धतीत ६.०, चीनच्या ६.५ आणि एनटीएससीत ४.५. यंत्राला एव्ही पिन बसवून घ्या. आणि जपानी यंत्राला १०० व्होल्टचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय प्लग घालू नका.

ड्रायसोल्डर

सगळं ठीक, पण बाजारात जाऊन तुमचा हा २१ इंची फुगीर आणाल तेव्हा त्यात मूळ चॅसिस (आतला सर्किट बोर्ड) असेल याची खात्री कोण देणार? माझा राग आहे तो चायना किटवर, म्हणजे कुठल्याही सेटमध्ये बसवतात त्या तयार बोर्डावर. बोर्ड बिघडला की मेकॅनिक मूळ चॅसिस काढून युनिव्हर्सल किट ठोकतात आणि तोच सेट "ओरिजिनल ओनिडा", "ओरिजिनल बीपीएल" म्हणून विकला जातो. ही सरळ फसवणूक आहे.

ओळखायचं असं. मेन्यूचं रूप कॅबिनेटवरच्या नावाशी जुळत नाही. पुढची बटणं अर्धी मेलेली, किंवा आत वेगळ्या छोट्या पट्टीवर वायरने जोडलेली. मागे एव्ही पिनांसाठी प्लॅस्टिक सोल्डरिंग आयर्नने कापलेलं. डीगॉस कॉइलचा (ट्यूबवरचं चुंबकत्व घालवणारी) प्लग लोंबकळत ठेवलेला, म्हणून कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग. यातलं एक दिसलं तरी सोडून द्या.

लॅमिंग्टनरोड

किटला शिव्या घालणं सोपं आहे. बंद पडलेल्या जुन्या सेटचा ईएचटी (ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर) मिळत नाही, जंगल आयसी (चित्राचा सिग्नल उलगडणारी चिप) मिळत नाही. मग काय करायचं, चांगली ट्यूब फोडायची? किटमुळे त्या ट्यूब जिवंत आहेत. आणि तीनपॉइंटअठ्ठावन्न यांचा मुद्दा घ्या: १९९० च्या सुमाराच्या पाल-सेटवर एनटीएससी रंग येत नाही, किट बसवलं की येतो. काही किटवर कंपोनंटही असतं. म्हणजे गेमसाठी तो सेट आधीपेक्षा चांगलाच झाला.

ड्रायसोल्डर

चांगला कसा? योक मोजतं का कुणी? हॉरिझाँटल कॉइल दोन-तीन ओहमची, व्हर्टिकल त्याच्या कितीतरी पट. किट एका ठरावीक जोडीसाठी बनतं, ट्यूबवर भलताच योक असतो. मग चित्र रुंद येतं म्हणून रिट्रेस कपॅसिटरचं (झोत ओळीच्या सुरुवातीला परतायचा वेळ ठरवणारा) मूल्य कमी करतात. चित्र आत येतं खरं, पण ईएचटीचं व्होल्टेज वाढल्यामुळे! आउटपुट ट्रान्झिस्टर कधी उडेल सांगता येत नाही आणि एक्स-रेचा धोका वाढतो. हे करणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणणार नाही.

लॅमिंग्टनरोड

शब्द जपून वापरा. ते करणारे आहेत, पण सगळे तसे नाहीत. नीट करणारा माणूस बी प्लस (मुख्य पुरवठ्याचं व्होल्टेज) ट्यूबप्रमाणे लावतो, रुंदीसाठी एस-करेक्शनचा कपॅसिटर बदलून बघतो आणि रिट्रेसला हात लावत नाही. योक अजिबात जुळत नसेल तर किटच परत करतो.

ड्रायसोल्डर

आणि हीटर, म्हणजे कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) तापवणारी तार? तिला ६.३ व्होल्ट आरएमएस (बदलत्या व्होल्टेजचं परिणामी मूल्य) लागतात. ते ईएचटीच्या वाइंडिंगवरून १५ किलोहर्ट्झच्या पल्समध्ये येतात. साधा मल्टिमीटर एसीवर लावला तर आकडा खोटा. जास्त मिळाले तर कॅथोड लवकर मरतो, कमी मिळाले तर चित्र मळकट आणि कॅथोड तरीही खराब होतो. तुमच्या "नीट करणाऱ्या" माणसांपैकी किती जण ट्रू आरएमएस मीटर किंवा स्कोप लावतात?

लॅमिंग्टनरोड

फार कमी, हे कबूल करतो. बहुतेक जण हीटरच्या ओळीतला एक-दोन ओहमचा रेझिस्टर बदलून नुसत्या डोळ्याने उजेड बघतात, आणि ते पुरेसं नाही. तरी किटवाला प्रत्येक सेट सोडा हे मला मान्य नाही. २१ इंची फुगीरवर जुळवून बसवलेलं किट सरळ चित्र देतं.

ट्यूबवेडा

हाच माझा काचेबद्दलचा मुद्दा होता! ९० अंशांच्या ट्यूबला ईस्ट-वेस्ट लागत नाही म्हणून ती किटवरही सरळ राहते. २९ इंचीवर तेच २१ इंची किट लावून बघा, दोन्ही बाजू आत चिमटलेल्या दिसतील. दुरुस्तीच्या दृष्टीनेही लहान फुगीर ट्यूबच टिकणार.

हॉलमधला२९

मग २९ इंचीचं मूळ चॅसिस सांभाळायचं. ईस्ट-वेस्टचा कपॅसिटर बदलला आणि कॉइलच्या पायांचे तडकलेले टाके पुन्हा सोल्डर केले की बहुतेक वेळा कडा परत सरळ होतात. त्यासाठी अख्खा आकार रद्द करणं मला पटत नाही.

स्कॅनलाइन

आरजीबी मॉडबद्दल (सेट उघडून लाल-हिरवा-निळा सिग्नल वेगवेगळा आत देणं) कुणी बोललं नाही. साध्या वन-चिप (सगळं काम एकाच चिपवर) सेटमध्येही आवाजाची पट्टी आणि चॅनेलचा आकडा दाखवायला आरजीबी इनपुट असतंच. तिथे प्रत्येक रंगाला ७५ ओहमने टर्मिनेट करून ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून सिग्नल द्या आणि फास्ट ब्लँकिंगला (पडदा या आरजीबीवर वळवणारी पिन) योग्य व्होल्टेज. कंपोनंटची गरजच उरत नाही. आधी डेटाशीट बघा. आणि पॉवर सप्लाय मेन्सपासून वेगळा नसलेला जुना सेट असेल तर हात लावू नका, त्याचं चॅसिस जिवंत असतं, म्हणजे त्यात थेट मेन्सची वीज असते. ट्यूबवरही २५ किलोव्होल्टच्या आसपास चार्ज उरतो. तो ट्यूबच्या मागच्या अर्थच्या जाळीवर उतरवायचा, बोर्डावर नाही.

तीनपॉइंटअठ्ठावन्न

मेगा ड्राइव्हला आरजीबी देण्याआधी विचार करा. सॉनिकमधला धबधबा उभ्या पट्ट्यांनी काढलाय. कंपोझिटमध्ये त्या मिसळून पाणी पारदर्शक दिसतं, आरजीबीत नुसत्या काड्या उरतात.

ट्यूबवेडा

हॉलमधला२९, प्लेस्टेशन २साठी तुमचा साधा ५० हर्ट्झ, कंपोनंटवाला सेट माझ्या २१ इंचीपेक्षा सरस आहे. नाइलाजाने का होईना, मान्य. लाइट गन आणि आठ-सोळा बिटसाठी (फॅमिकॉम, मेगा ड्राइव्हसारखी यंत्रं) माझं मत तेच.

विकत घेताना सेट थंड असताना चालू करायला लावा. जुन्या बाजारात जागेवर वीज मिळेलच असं नाही, पण वीज दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. दहा-पंधरा सेकंदांत चित्र उजळायला हवं. मिनिटभर मळकट राहिलं किंवा आधी एकच रंग वर आला तर ट्यूब डाऊन, म्हणजे अशक्त, आहे. तिरक्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर बहुतेक वेळा कुणीतरी ट्यूबचा अशक्तपणा झाकायला ईएचटीवरचा स्क्रीन कंट्रोल (चित्राचा उजेड वाढवणारा) वाढवलेला असतो. वीस मिनिटं तापू द्या, मग २४०पी टेस्ट सूट या चाचणी प्रोग्रॅमची जाळी लावून कडा बघा, ५० आणि ६० हर्ट्झ दोन्हीवर. सर्व्हिस मेन्यूत (मेकॅनिकसाठीचा लपवलेला मेन्यू) दोन्हींची उंची बहुधा वेगळी लावावी लागते.

ड्रायसोल्डर

आणि मागचं झाकण उघडून बघा. विकणारा उघडू देत नसेल तर आत किट आहे असंच धरा.