टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) २३८ आलंय, मधुमेहही आहे. इंजेक्शन घ्यावं का?

नमस्कार मंडळी. वय ४९, बैठी नोकरी, टाइप टू मधुमेह आठ वर्षांपासून. मेटफॉर्मिन सकाळ-संध्याकाळ. मागच्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१. पोट असं की बसलो की शर्टाचं खालचं बटण ताणतं.

वर्षभर थकवा आहे. जेवलं की डोळे मिटतात, आणि बाकीचं तुम्ही समजून घ्या, तिकडची इच्छाच गेली आहे. बायको काही बोलत नाही, पण कळतं. शेवटी एका लॅबचं 'पुरुषांसाठी' पॅकेज केलं. टोटल टेस्टोस्टेरॉन २३८, पुढे ठळक 'लो'. एका क्लिनिकमध्ये रिपोर्ट दाखवला, तर पाच मिनिटांत टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन ठरलंसुद्धा: पहिल्यानंतर दीड महिन्यानं दुसरं, मग साधारण दर तीन महिन्यांनी. "साखरही खाली येईल," म्हणाले. मी उठेपर्यंत बाहेर बिल तयार!

नेहमीचे डॉक्टर वडिलांच्या ओळखीचे, त्यांच्यापुढे हा विषय काढायची लाज वाटते. जाणकारांनी सांगा, साखर खरंच उतरते का? वडिलांची बायपास झालेली, मग हार्टचं काय? आणि एकदा सुरू केलं की कायमचं मागे लागतं का?

कडूकारलं: रक्त किती वाजता दिलं होतंत? उपाशीपोटी?

धागाकर्ता: दुपारी अडीचला. वडापाव खाऊन.

कडूकारलं: मग त्या २३८ वर काही ठरवू नका. हे हार्मोन सकाळी जास्त असतं, दुपारी उतरतं, खाल्ल्यावर आणखी उतरतं. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी कमी आलं तरच कमी म्हणायचं. सोबत एलएच (अंडकोषाला टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं हार्मोन) आणि एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉन रक्तातून वाहून नेणारं प्रथिन) करा. पोट सुटलेल्या मधुमेह्यांत एसएचबीजी कमी असतं, त्यामुळे टोटल आकडा उगाच पडलेला दिसतो. मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये अठरा वर्षं काढलीत.

साखरेचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात १,००७ पुरुषांवर अभ्यास झाला, २०२१ साली छापून आला. वजन कमी करण्याचा कार्यक्रम सगळ्यांना, वर निम्म्यांना हे इंजेक्शन. दोन वर्षांनी मधुमेहाच्या पातळीत साखर असलेले इंजेक्शनवाल्यांत १२ टक्के, दुसऱ्या गटात २१. पण ते लोक काठावरचे किंवा नुकतेच मधुमेह कळलेले होते, तुमच्यासारखे आठ वर्षांचे जुने नव्हेत. अमेरिकेतल्या ५,२०० जणांच्या अभ्यासात (२०२३, तिथे इंजेक्शनऐवजी त्वचेवर लावायचं टेस्टोस्टेरॉनचं जेल होतं) हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक वाढले नाहीत, पण ठोक्यांची अनियमितता आणि फुप्फुसात गुठळी थोडी जास्त दिसली. त्यातल्या मधुमेह्यांची साखर काही सुधारली नाही.

कायमचं मागे लागतं का? बाहेरून मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. बंद केलंत तर ते परत सुरू होईपर्यंत काही महिने फार मरगळ येते.

आता तो रिपोर्ट परत काढा आणि पीसीव्ही (रक्तात लाल पेशी किती टक्के ते) किती आहे ते सांगा. घोरता का?

धागाकर्ता: पीसीव्ही ५१. घोरणं विचारू नका, बायको हॉलमध्ये झोपते.

कडूकारलं: पीसीव्ही ५१ असताना इंजेक्शन? त्या ऑस्ट्रेलियाच्या अभ्यासात इंजेक्शन घेतलेल्या २२ टक्के लोकांचं ५४ च्या वर गेलं होतं. रक्त घट्ट होतं. झोपेत श्वास अडकत असेल तर पीसीव्ही वाढतो, थकवा येतो आणि टेस्टोस्टेरॉनही पडतं. तेव्हा आधी झोपेची तपासणी. आणि लाज सोडा, ओळखीच्याच डॉक्टरांकडे जा. त्यांनी हे रोज ऐकलेलं असतं.

धागाकर्ता: अपडेट. काल सकाळी साडेसातला उपाशीपोटी रक्त दिलं, ३२६ आलं. दुसरं पुढच्या आठवड्यात. डॉक्टरांकडे गेलो, हसले नाहीत. पीसीव्ही बघून तेही आधी घोरण्यावरच आले. बायकोला विचारलं, तर म्हणाली, मधेच तुमचा श्वास थांबतो, मी उठून बघून जाते. हे मला आजवर माहीतच नव्हतं. झोपेची तपासणी घरी मशीन आणून करतात म्हणे, कुणी केली आहे का? नाकाला नळी लावून झोप येते का?