'बॉम'ला मराठीत काय लिहायचं? देयक, यादी की अजून काही

रत्नागिरीकर: आमच्याकडे फायबरच्या मच्छीमार बोटी बनतात, आयटीआयची नवीन पोरं लागलीत, त्यांच्यासाठी मराठीत माहिती लिहितोय. बिल ऑफ मटेरिअलला, म्हणजे बॉमला, काय लिहू? नेटवर 'साहित्याचे देयक' मिळालं. असं लिहिलं तर पोरं विचारतील पैसे कोणी द्यायचे?

दाभोळवाला: देयक साफ चूक. इथे बिल म्हणजे तपशीलवार यादी, पैशाचा काही संबंध नाही. पण नुसतं 'सामानाची यादी' पण नको, ती वाण्याकडची वाटते, सामान आलं की फाडून टाकायची. बॉममध्ये एका बोटीला काय किती लागतं ते असतं आणि कशाच्या पोटात काय तेही, म्हणजे वर बोट, खाली हल म्हणजे बोटीचं धड, डेक, इंजिनाची बैठक, मग बैठकीच्या खाली बोल्ट नट वॉशर.

कुडाळकर: आमच्याकडे सगळे पार्टलिस्टच म्हणतत, बॉम म्हटला की नवीन माणूस बॉम्ब समाजता 😄 पण दोन्ही एक न्हय हां. पार्टलिस्ट ड्रॉइंगवरची, तीत सुटे भाग. बॉमात रेझिन (काचेचे थर धरून ठेवणारा रसायन), गेलकोट (बाहेरचो गुळगुळीत थर), ग्रीस सगळा येता.

रत्नागिरीकर: रेझिन कसं धरायचं पण? स्टोअरवाला बॅरलमध्ये बोलतो.

दाभोळवाला: बॅरल हे खरेदीचं माप, बॉममध्ये किलोच लिही. चॉप्ड स्ट्रँड मॅट, म्हणजे काचेच्या तुकडे धाग्यांची चादर, तिच्या कामात वजनाने साधारण 30 टक्के काच, बाकी रेझिन, म्हणजे 100 किलो मॅट भरली तर रेझिन सव्वादोनशेच्या वर जातं. मॅट कापताना वाया जाते ती वेगळी धर. हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारं रसायन, रेझिनच्या 1 ते 2 टक्के, हवा बघून कमीजास्त, त्यामुळे तिथे लोक अंदाजाने आकडा टाकतात आणि मग वर्षाखेरीला स्टॉक जुळत नाही म्हणून बोंब.

लोटेकर: केमिकलमध्ये आम्ही यालाच फॉर्म्युला नाहीतर रेसिपी म्हणतो, हिशोब एका बॅचचा. आणि जेट्टीच्या टेंडरातलं बीओक्यू (बिल ऑफ क्वांटिटीज) याच्यात मिसळू नका, ते काँक्रीट किती घनमीटर, खोदाई किती, दर काय असं कामाच्या मापाचं असतं.

रत्नागिरीकर: बरं, आणि 'बॉम अपडेट करणे'? 'अद्ययावत' लिहू का?

दाभोळवाला: अद्ययावत नको रे बाबा, त्याने वाटतं जुनं खोडून नवीन लिहायचं, आणि तेच तर करायचं नाही. समजा डेकवरचे बोल्ट 304 नंबरच्या स्टेनलेस स्टीलचे होते, खाऱ्या हवेत तांबूस डाग पडून खड्डे पडायला लागले म्हणून 316 घेतले, त्यात मॉलिब्डेनम असतं, मिठाला जास्त टिकतं. आता 316 च्या जागी 304 चालणार नाही, म्हणजे बोल्टचा पार्ट नंबर नवीन आणि बॉमची आवृत्ती पुढची, कितव्या बोटीपासून लागू तेही लिहायचं. जुनी आवृत्ती जपूनच ठेवायची, हर्णैला गेलेली बोट पाच वर्षांनी दुरुस्तीला आली की तिच्यात काय बसवलंय ते त्याच कागदावर सापडतं. मी तरी 'नवी आवृत्ती काढणे' म्हणेन.

रत्नागिरीकर: मग 'घटकयादी, आवृत्ती अमुक' असं करतो.

कुडाळकर: घटक वाचून फरसाणाच्या पाकिटामागचा आठवता. शीर्षकात बॉमच ठेव, खाली एका ओळीत अर्थ सांग. स्टोअरच्या कॉम्प्युटरवर पोरांका तोच शब्द दिसतलो.