न्यू जर्सीत फुकट चॅनेल्ससाठी कुठला अँटेना घ्यावा? ७, ११ आणि १३ नीट लागत नाहीत

एडिसनची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही एडिसनला टाउनहाउसमध्ये राहतो. मागच्या महिन्यात केबल बंद केली, बिल फार वाढलं होतं आणि बघत होतो काय तर बातम्या, नवऱ्याचं रविवारचं फुटबॉल आणि मुलीचे पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवरचे कार्यक्रम, बास. म्हणून तो कागदासारखा पातळ चौकोनी अँटेना आणला, खोक्यावर ६० मैल लिहिलंय आणि मॅनहॅटन आमच्यापासून २५-३० मैलांवर, म्हटलं आरामात चालेल. तर २, ४, ५ एकदम स्वच्छ लागतात पण ७ मध्येच चौकोन चौकोन होऊन अडकतो, ११ कधी येतो कधी नाही आणि पीबीएसचा १३ तर स्कॅनमध्ये सापडतच नाही, आणि मुलीला नेमका तोच हवाय. काचेवर, भिंतीवर, पडद्याच्या दांडीवर लावून झाला, सोबतचा अँप्लिफायर लावूनही पाहिला न लावताही. पुढच्या महिन्यात सासूसासरे पुण्याहून येतायत, त्याआधी हे मार्गी लागायला हवंय. १५० मैलवाला घेऊ का? आणि छतावर लावायचा तर एचओए, म्हणजे आमची घरमालकांची संघटना, लावू देईल का?

अण्णा_पिस्कॅटवे
ताई, १५० मैलवाला अजिबात घेऊ नका. पृथ्वी गोल आहे, ६०-७० मैलांपुढचा टॉवर एरवी क्षितिजाखालीच जातो, मग खोक्यावर काहीही छापू देत. तुमचा प्रश्न अंतराचा नाहीच, व्हीएचएफचा, म्हणजे लांब लाटांच्या चॅनेल्सचा आहे. टीव्हीवर दिसतो तो नंबर नुसतं नाव, हवेत चॅनेल वेगळा असू शकतो. २ नंबर खरा ३६ वर चालतो, म्हणजे यूएचएफ, आखूड लाटांचा. पण ७ आणि ११ आपापल्या जागीच आहेत आणि १३ खरा १२ वर, हे तिन्ही व्हीएचएफ. त्यांची लाट दीडेक मीटर लांब, ती धरायला साधारण अडीच फुटाचा धातू लागतो. तुमचा चौकोन फूटभराचा, त्याला यूएचएफ झेपतं, हे नाही.

आधी स्वस्तातला उपाय करा. दोन लांबणाऱ्या दांड्या आणि मधे गोल कडं असा जुन्या पद्धतीचा ससाकानी अँटेना मिळतो, तो आणा. दांड्या प्रत्येकी १५ इंच ओढा, जवळजवळ आडव्या करा आणि अँटेनाची रुंद बाजू (दांड्यांची टोकं नव्हे) ईशान्येकडे, म्हणजे मॅनहॅटनकडे करा. चॅनेल्सचे टॉवर ज्यांवर आहेत त्या एम्पायर स्टेट आणि वन वर्ल्ड ट्रेड या इमारती दोन्ही तुमच्याकडून जवळपास एकाच दिशेला, फार फिरवावं लागणार नाही. पुण्यात आमच्या लहानपणी सगळ्या गच्च्यांवरचे अँटेने सिंहगडाकडे तोंड करून असायचे, तसंच हे, तुमच्या सासऱ्यांना सांगा, त्यांना लगेच कळेल.

आणि अँप्लिफायर काढून ठेवा. अँटेनाने जे धरलंच नाही ते तो आणणार कुठून, उलट सोबतचा कचराही मोठा करतो. लांब वायर किंवा स्प्लिटर (एक वायर दोन टीव्हींना वाटणारा) असेल तरच त्याचा उपयोग.

अजून एक, टीव्हीजवळ एलईडीची पट्टी किंवा स्वस्त चार्जर असेल तर बंद करून बघा. व्हीएचएफला त्यांचा फार त्रास होतो.

मिडलसेक्सचा_मन्या
अण्णांशी सहमत. एचओएचं म्हणाल तर एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचा, १९९६ पासूनचा नियम आहे, जी जागा फक्त तुमच्या वापरात आहे, म्हणजे स्वतःची बाल्कनी, पॅटिओ, तिथे टीव्हीचा अँटेना लावायला ते बंदी घालू शकत नाहीत. छत सगळ्यांचं सामाईक असेल तर मात्र हा नियम लागू नाही, तेव्हा आधी कागदपत्रं बघा. मी पोटमाळ्यात लावलाय, सिग्नल थोडा कमी होतो पण पाऊस-वाऱ्याची काळजी नाही. फक्त वर चढून बघा, इन्सुलेशनला चंदेरी फॉइल असेल तर तिथे काही येणार नाही. बाहेर लावलात तर खांब आणि वायर दोन्हीचं अर्थिंग करून घ्या, विजेचा प्रश्न आहे, यात काटकसर नको. वायर आरजी-६, म्हणजे टीव्हीची जाड कोअॅक्सियल केबल, घ्या.

एडिसनची_आई
अण्णा, मनापासून आभार! टीव्हीच्या मागे निळी एलईडी पट्टी होती, ती बंद केली आणि त्या जुन्याच अँटेनावर ७ अडकायचा थांबला, माझा विश्वासच बसेना. काल ससाकानी आणला, वरच्या मजल्यावर खिडकीच्या कडेला ठेवला, मोजपट्टीने १५ इंच मोजले. ११ आला, १३ पण आला, मुलगी दप्तर न काढताच समोर जाऊन बसली. फक्त कोणी खिडकीजवळून गेलं की १३ जरासा तुटतो. खालच्या टीव्हीलाही इथूनच वायर नेली तर चालेल का?

अण्णा_पिस्कॅटवे
दोन टीव्हींचा स्प्लिटर लावलात की प्रत्येकाला निम्म्याहून थोडा कमीच सिग्नल जातो, आणि तुमचा १३ आत्ताच काठावर आहे. दोन्हीकडे हवा असेल तर मन्यासारखा पोटमाळ्यात लावा, पण घेताना खोक्यावरचे मैल बघू नका, चॅनेल ७ ते १३ साठी लांब दांड्या आहेत का तेवढं बघा, आणि वायर जास्त लांब झाली तर अँप्लिफायर अँटेनाजवळ लावा, टीव्हीजवळ नाही. जागा बदलली की दोन्ही टीव्हींवर परत स्कॅन करायचं, नाहीतर १३ येत असूनही यादीत दिसणार नाही.