मदत हवी आहे: बँकॉकला राहायचं कुठे?
मंडळी, मी आणि माझा बॉयफ्रेंड डिसेंबरात पहिल्यांदाच बँकॉकला चाललोय. तिकडे जानेवारी २०२५ पासून समलिंगी लग्न कायदेशीर झालंय, त्यामुळे दोन पुरुषांनी डबल बेड मागितला तर कोणी काही विचारणार नाही असं वाटतंय, पण लोणावळ्यात एकदा रिसेप्शनवर इतक्या चौकशा झाल्यात की अजून हात ट्विन बेडवरच जातो 😅 तर राहायला सीलोम बरं की सुखुमवित? सीलोम सोय ४ (‘सोय’ म्हणजे तिकडची गल्ली, ही गे बारची) सालाडेंग स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे, पण आम्हाला धांगडधिंगा झेपत नाही, एखादी बिअर आणि गप्पा बास. बीटीएस (तिकडची स्कायट्रेन) मध्यरात्री बंद होते, मग उशिरा ग्रॅबने (ओला-उबरसारखं अ‍ॅप) परतणं ठीक ना? आणि हो, तो पक्का शाकाहारी आहे, फिश सॉसपासून त्याला वाचवायचं कसं तेही सांगा प्लीज.