मदत हवी आहे: भाऊ ट्रान्स पुरुष आहे, माय-आबांशी कोण बोलेल?

१४ जुलै २०२४

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. नावं मुद्दाम देत नाही. माहेर अमळनेर तालुक्यातलं, मी लग्नानंतर जळगावला असते, एवढं पुरे.

आम्ही दोघंच भावंडं. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. जन्मला तेव्हा सुईणीने 'पोर', म्हणजे मुलगी, म्हणून सांगितलं आणि घरात 'दुसरी पण पोरच' म्हणून दोन दिवस चूल नीट पेटली नाही, असं आजी सांगायची. आज तो सव्वीस वर्षांचा आहे. पुण्यात नोकरी करतो, तीन वर्षांपासून पुरुष म्हणून राहतो, दीड वर्षापासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली हार्मोन घेतो. आवाज बदललाय, दाढी आलीय. मला त्याने सगळ्यात आधी सांगितलं. तरी त्याला 'तो' म्हणायला मला चार महिने लागले, आणि लहानपणच्या गोष्टी निघाल्या की अजूनही जीभ अडखळते.

माय-आबांना गेल्या दिवाळीत कळलं. आबा माळकरी माणूस, गावात शब्दाला मान आहे. त्या दिवसापासून ते त्याच्याशी एक अक्षर बोललेले नाहीत. त्याचा विषय निघाला की उठून मळ्यात जातात. माय मात्र रोज फोन करते. दोन मिनिटं, पण करते.

एक गोष्ट सांगते. आमच्या घरात अहिराणी बोलतात. अहिराणीत मुलगी म्हणजे आंडेर आणि मुलगा म्हणजे आंडोर. बोलताना वाक्यागणिक ठरवावं लागतं, पळवाट सहसा सापडत नाही. माय आधी फोनवर विचारायची, "जेवनी का?" दोन-तीन महिन्यांपूर्वी माझ्या लक्षात आलं, ती आता विचारते, "जेवन व्हयनं का?" तिला 'जेवना का' म्हणवत नाही आणि 'जेवनी' म्हटलं की तो गप्प होतो, म्हणून तिने स्वतःच मधली वाट शोधली. तिला कोणी शिकवलं नाही. माझी माय चौथी शिकलेली आहे. ज्या बाईला एवढं सुचतं, तिच्याशी बोलणारं कोणीतरी मिळालं पाहिजे, म्हणून हा धागा.

आता निकड कशाची आहे ते. ११ ऑगस्टला, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्याकडे कानबाई बसते. सुरत, नाशिक, कुठून कुठून भाऊबंद येतात. खानदेशातल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: कानबाई ही आमच्याकडची देवी, तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजून घेतात, आमच्याकडे प्रत्येकाच्या नावाची सव्वा मूठ. गेल्या महिन्यात भाऊ मायला म्हणाला, "यंदा मी येतो. माझ्या नावाची मूठ घे." मायने फोन ठेवून दिला आणि मला लावला. अर्धा तास रडली. पहिलाच प्रश्न, "लेकरू त्या लोकेस्मा जाईन का?" तिने आयुष्यात तृतीयपंथी पाहिलेत ते रेल्वेत आणि बाजारात ओवाळणी मागणारे. मुलगी म्हणून जन्मलेला माणूस पुरुष म्हणून जगतो, नोकरी करतो, भाड्याच्या खोलीत स्वतःची भाजी-भाकर करतो, याचं तिच्या डोळ्यापुढे चित्रच नाही. तिला वाटतं, कोणीतरी त्याला घेऊन जाणार.

त्यात काकांच्या कानावर कुठून तरी गेलं. ते म्हणाले, "जमिनीत वाटा पाहिजे म्हणून पोरगा झाली." हे वाक्य आबांना फार लागलंय.

आणि त्याची जोडीदार. धुळे जिल्ह्यातली मुलगी आहे, पुण्यातच काम करते, दोघांना लग्न करायचंय. तिच्या घरी काहीच माहीत नाही. भावाला समुपदेशक आहे, त्याच्यासारख्या मुलांचा गट आहे. ती रात्री अकराला मला फोन करते. त्याच्या तपासण्या, त्याची चिडचिड, शस्त्रक्रियेचा खर्च, सगळं ऐकून घेणारी ती, आणि तिचं ऐकणारं कोणी नाही. 'मला काय वाटतंय हे बोलले तर त्याच्याविरुद्ध बोलल्यासारखं होईल,' असं तिला वाटतं.

आधी काय काय झालं तेही सांगते, म्हणजे तेच सल्ले नकोत. तो एकोणीस वर्षांचा असताना माय त्याला एका भगताकडे घेऊन गेली होती. नंतर तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांनी सांगितलं, "लग्न लावून द्या, सगळं जागेवर येईल." माय अजून ते धरून आहे, कारण सांगणारा डॉक्टर होता. मी स्वतः १४४१६ ला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन केला. पलीकडच्या बाई मराठीत शांतपणे बोलल्या, मला बरं वाटलं. पण माय अनोळखी माणसाशी फोनवर असलं बोलणार नाही.

म्हणून विचारतेय. जे मिळतं ते सगळं भावासाठी मिळतं, आणि ते असायलाच हवं. पण आई-बापासाठी, बहिणीसाठी, जोडीदारासाठी मराठीत बोलणारं कोण आहे? जळगाव-धुळ्याकडच्या कोणी हे घरात निभावलंय का? आणि कानबाईला त्याने यावं की येऊ नये?

—

प्रतिसाद, धुळ्याहून

ताई, मी एका ट्रान्स मुलीची आई आहे. माझी लेक चोवीस वर्षांची. तुमच्या मायबद्दल वाचून डोळे भरून आले.

'स्वीकार – द रेनबो पेरेंट्स' नावाचा पालकांचा गट आहे. मुंबईतल्या पालकांनी सुरू केला, आता ठिकठिकाणचे आई-बाप त्यात आहेत. तिथे डॉक्टर बोलत नाहीत, आई-बाप बोलतात. मी पहिल्या दोन बैठकांना कॅमेरा बंद ठेवून नुसती ऐकत बसले. तिसऱ्यांदा बोलले. मायला एकटीला फोन देऊन बसवू नका, तुम्ही शेजारी बसा, हातात हात घ्या.

कानबाईबद्दल माझं स्पष्ट मत: पहिली भेट तिथे नको. पन्नास भाऊबंदांसमोर, देवीपुढे, सोवळ्या-ओवळ्याच्या गडबडीत दाढी आलेलं लेकरू आईने पहिल्यांदा बघायचं, हे दोघांवरही फार आहे. आधी तुमच्या घरी जळगावला भेटवा. दाजींना बाहेर पाठवा, चहा करा आणि तुम्हीही स्वयंपाकघरात थांबा. माझी लेक पहिल्यांदा साडी नेसून आली तेव्हा मी तिच्याकडे बघितलं नाही, तिच्या पायांकडे बघत बसले. टाचा फुटलेल्या होत्या. मी तेल आणून चोळलं. बोलणं त्यानंतर झालं.

आणि मुलाला सांगा, मायचं रडणं म्हणजे नकार असं धरू नको. मीही वर्षभर रडत होते आणि त्याच काळात तिच्यासाठी ब्लाउज शिवत होते.

—

प्रतिसाद, भुसावळहून

मी वकिली करतो, म्हणून फक्त कागदाचं सांगतो.

काकांना उत्तर सोपं आहे. २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. तुमचा भाऊ मुलगी म्हणून नोंदलेला असो की मुलगा, सातबाऱ्यावरचा वाटा तेवढाच राहतो. वाट्यासाठी पोरगा व्हायची कोणालाच गरज नाही. हे आबांना नीट समजावून सांगा, त्यांच्या मनावरचं एक ओझं तरी उतरेल.

ओळखीबद्दल. १५ एप्रिल २०१४ ला नालसा खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. मग २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू आहे. त्याखाली जिल्हादंडाधिकारी ओळख प्रमाणपत्र देतात. अर्ज केंद्राच्या राष्ट्रीय पोर्टलवर घरबसल्या करता येतो, २०२० च्या नियमांप्रमाणे शपथपत्र लागायचं, शारीरिक तपासणी लागायची नाही. भाऊ वर्षभराहून जास्त पुण्यात राहतोय, तेव्हा तो पुण्यातूनच अर्ज करू शकतो. गावात, तलाठ्याकडे, कुठेही वाच्यता होण्याची भीती नको. शस्त्रक्रियेनंतर 'पुरुष' असा उल्लेख असलेलं सुधारित प्रमाणपत्र मागता येतं. नाव बदलायचं तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावं आणि मग आधार, पॅन, बँक असं एकेक करत जावं. एकाच वेळी सगळीकडे अर्ज टाकले की नावं जुळत नाहीत आणि अडकतं.

लग्नाचं: १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ट्रान्स पुरुष आणि स्त्री, किंवा ट्रान्स स्त्री आणि पुरुष, यांना सध्याच्या विवाह कायद्यांखाली लग्न करता येतं. नोंदणीच्या वेळी कागद एकसारखे असले पाहिजेत, म्हणून आधी प्रमाणपत्र, मग लग्न.

घरातून किंवा गावातून हाकलणं हा याच २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ खाली गुन्हा आहे, सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. हे घरच्यांना धमकी म्हणून सांगू नका. भाऊबंदांतलं कोणी अंगावर आलं तर ठाऊक असावं, एवढ्यासाठी सांगितलं.

त्या डॉक्टरांच्या सल्ल्याबद्दलही. जागतिक आरोग्य संघटनेने ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या यादीतून काढलेलं आहे, नवी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याच वर्षी आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असल्या माणसांना 'बरं करण्याचे' उपचार हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. मायला डॉक्टरचाच शब्द लागत असेल तर तिला सांगा, मोठ्या डॉक्टरांचा शब्द आता हा आहे.

आणि आपल्याकडे असलं नसतं, असं कोणी म्हणालं तर जळगाव तालुक्यातलं भादली बुद्रुक सांगा. तिथे अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज महिलांच्या राखीव जागेवरून फेटाळला होता. औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये तो मान्य केला आणि गावाने त्यांना ग्रामपंचायतीवर निवडून दिलं. शहराने नाही, आपल्याच खेड्याने.

—

प्रतिसाद, नाशिकहून

त्या मुलीसाठी लिहितेय. माझा नवरा ट्रान्स पुरुष आहे.

तिला सांगा, स्वतःचा समुपदेशक वेगळा घे. त्याचाच नको. मी ती चूक केली, दोघं एकाकडेच जायचो आणि मी प्रत्येक वाक्य तोलून बोलायचे. 'टिस'ची (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची) आयकॉल सेवा फोनवर समुपदेशन करते. पुण्यात समपथिक ट्रस्ट आहे, मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आहे, दोन्ही आपल्यासारख्यांसाठी काम करणाऱ्या संस्था, तिथून जोडीदारांशी बोलणाऱ्या माणसांची नावं विचारता येतील. थकले असं म्हणणं म्हणजे त्याच्याविरुद्ध बोलणं नव्हे. मी थकते. तरीही मला हाच नवरा हवा आहे.

दोन गोष्टी लग्नाआधीच बोलून घ्या. गर्भाशय-अंडाशय काढायची शस्त्रक्रिया ठरत असेल तर मुलांचं काय, हे दोघांनी मिळून डॉक्टरांसमोर विचारा, नंतर पर्याय कमी होतात. आणि तिच्या घरी सांगताना त्याच्या शरीराबद्दल किती सांगायचं हे त्याला विचारून ठरवा. मी घाबरून आईला सगळं सांगून बसले, ते सावत्र मावशीपर्यंत गेलं, आणि त्याचा माझ्यावरचा भरवसा परत यायला वर्ष लागलं.

—

४ ऑगस्ट २०२४, धागा लिहिणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. धुळ्याच्या मावशी, तुमचं टाचांचं वाचून मी फोन बाजूला ठेवून बराच वेळ बसले होते.

मायला पालकांच्या ऑनलाइन बैठकीत बसवलं. 'जळगावला डोळे दाखवायचे' म्हणून आबांना सांगून आणलं होतं. दीड तास ती पदर तोंडाला लावून ऐकत होती. शेवटी कोणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर तिने विचारलं, "तुमनाकडे देवनं कसं करं?" देवाचं कसं केलं म्हणून. हिंदी बोलणाऱ्या बायांना कळेना, मी मराठीत सांगितलं, कोणीतरी हिंदीत सांगितलं. मग चार-पाच जणी आपापलं सांगायला लागल्या. कोणी देवघरात नव्या नावाने दिवा लावला, कोणी अजून काहीच केलं नाही. माय सगळ्यांचं ऐकत राहिली. परत निघताना तिने मला त्या बायांची नावं विचारून घेतली.

भाऊ रविवारी गावी येणार नाही. त्याला वाईट वाटलंय, पण त्यानेच ठरवलं. तो आणि ती, दोघं माझ्याकडे येतील. कानबाईचं विसर्जन सोमवारी, त्यानंतर माय मंगळवारी जळगावला येईल म्हणतेय. मुठीचं मी तिला विचारलं नाही, तीही काही बोलली नाही. वकीलदादांचं जमिनीचं मी आबांना वाचून दाखवलं. ते पूर्ण ऐकून म्हणाले, "काकाला दाखव." एवढंच. पण उठून मळ्यात गेले नाहीत.

आता एकच अडलंय. इथे ज्यांनी लिहिलं त्यात आई आहे, बायको आहे, वकील आहेत. बाप कोणी नाही. त्या बैठकीतही एकच वडील होते आणि ते इंग्रजीत बोलले. आबा बाईमाणसाचं या बाबतीत ऐकणार नाहीत, आणि वकिलाशी कागदाचंच बोलतील. शेती करणारे, वारी करणारे, ज्यांचं लेकरू असं आहे असे कोणी वडील हे वाचत असतील, किंवा कोणाच्या ओळखीत असतील, तर मला व्यक्तिगत निरोप टाका. अहिराणी येत असेल तर फारच बरं. आबा संध्याकाळी सातनंतर घरी असतात.