चिनी प्रेममालिका आणि त्यांचे रिमेक : आपले अनुभव लिहावेत

माझ्या परिचयातील अनेक घरांत कोरियन मालिकांच्या पाठोपाठ चिनी प्रेममालिकाही आवडीने पाहिल्या जाऊ लागल्या आहेत. कोणी त्या हिंदी डबिंगमधून पाहतात, तर कोणी इंग्रजी सबटायटल्स वाचत पाहतात. त्यांविषयी बोलणे मात्र बहुधा नायकाच्या देखणेपणाशी आणि शेवट गोड आहे की नाही या प्रश्नाशी थांबते. या धाग्यात त्यापुढे जाऊन, मूळ मालिका आणि तिचा दुसऱ्या देशातला रिमेक अशा दोन्ही पाहिल्यावर आपल्याला काय वाटले, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

योको कामिओ यांच्या 'हाना योरी दांगो' या जपानी चित्रकथेवरून तैवानने 2001 मध्ये 'मीटिअर गार्डन' केली, जपानने 2005 मध्ये, कोरियाने 2009 मध्ये, चीनने 2018 मध्ये आणि थायलंडने 2021 मध्ये तीच कथा पुन्हा सांगितली. माझे मत असे आहे की, प्रेमकथेत दोघांच्या मध्ये उभी राहणारी अडचण ही त्या त्या समाजातून आलेली असते आणि रिमेक करणाऱ्याने आपल्या समाजातली तितकीच खरी अडचण शोधली नाही, तर पात्रे विनाकारण रडत आहेत असे वाटू लागते. 'सैराट' आणि 2018 चा त्याचा हिंदी रिमेक दोन्ही पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. जात मागे सरली आणि उदयपूरचे महाल पुढे आले, तेव्हा त्या शेवटाचे कारणच विरळ झाले. लेखनात कथांचे शेवट उघड होतील, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

नाशिक, निवृत्त इतिहास शिक्षिका

तोंग ह्वा यांच्या कादंबरीवरची 'स्कार्लेट हार्ट' ही 2011 ची 35 भागांची मालिका माझ्या भाचीने मला दाखवली आणि नंतर मी ती स्वतःहून पुन्हा पाहिली. आजच्या शेन्झेनमधील एक नोकरदार तरुणी अपघातानंतर छिंग राजवटीतील कांगशी सम्राटाच्या काळात, रुओशी नावाच्या मुलीच्या देहात जागी होते. कांगशीच्या मुलांमधला गादीचा झगडा चिनी प्रेक्षकाच्या चांगला परिचयाचा आहे. युवराज यिनरेंग 1708 मध्ये आणि पुन्हा 1712 मध्ये पदच्युत झाला आणि 1722 मध्ये चौथा राजपुत्र योंगझेंग या नावाने सम्राट झाला, हे नायिकेलाही ठाऊक असते. म्हणूनच आठव्या राजपुत्रावर मनापासून प्रेम करताना ती त्याच्यापुढे सिंहासनाचा नाद सोडण्याची अट ठेवते, तो ती नाकारतो आणि ती त्याच्यापासून दूर होते. पुढे काय घडणार हे माहीत असूनही त्यातले काहीच बदलता येऊ नये, आणि आपण बदलायला गेलो तर कदाचित त्यातूनच ते घडेल अशी भीती सतत मनात असावी, हा या मालिकेचा गाभा आहे. इतिहासाच्या शिक्षकाला ही वेदना फार जवळची वाटते, कारण वर्गात आम्हीही दरवर्षी त्याच पराभवांपर्यंत पोहोचत असतो.

2016 चा कोरियन रिमेक 'मून लव्हर्स' हा गोरियो राजवटीचा संस्थापक ताएजो याच्या दरबारात घडतो. त्याचा चौथा मुलगा वांग सो पुढे ग्वांगजोंग या नावाने राजा झाला. या राजाने 956 मध्ये गुलामांची चौकशी करून अन्यायाने गुलाम झालेल्यांना मुक्त केले आणि 958 मध्ये परीक्षेद्वारे अधिकारी निवडण्याची पद्धत सुरू केली. एवढे समृद्ध ऐतिहासिक पात्र हाती असताना 20 भागांत त्याच्या राज्यकारभाराला फारशी जागा मिळत नाही, याची मला खंत वाटते. नायिकेची इतिहासाची जाणही तिथे पुसट आहे, त्यामुळे तिचे भय मूळ नायिकेइतके धारदार होत नाही.

दोन्हींतला पावसाचा प्रसंग मात्र आवर्जून शेजारी ठेवून पाहावा. मूळ मालिकेत रुओशी तेराव्या राजपुत्रासाठी विनवणी करत पावसात गुडघे टेकून राहते, तेव्हा चौथा राजपुत्र तिच्याजवळ येऊन भिजत उभा राहतो, कारण सम्राटाच्या इच्छेविरुद्ध त्याला याहून अधिक काही करता येत नाही. कोरियन मालिकेत वांग सो आपला झगा तिच्या डोक्यावर धरतो. दुसरे दृश्य अधिक सुंदर आहे, पण राजदरबार म्हणजे काय हे मला पहिल्या दृश्यातून समजले.

ठाणे, बँक कर्मचारी

ताई, आपले म्हणणे मान्य करूनही मला कोरियन रूपच अधिक भिडले, हे नोंदवते. चेहऱ्यावरचा व्रण मुखवट्याआड लपवणारा, सख्ख्या आईनेच दूर लोटलेला मुलगा ही त्या मालिकेची खरी कथा आहे, गादीची लढाई नव्हे. ली जुन-गी यांचा अभिनय पाहताना दरबाराच्या राजकारणाकडे माझे लक्ष जात नव्हते, आणि ते जावे अशी त्या मालिकेची अपेक्षाही नसावी.

सोलापूर, डॉक्टर

माझे वैद्यकीय शिक्षण चीनमध्ये झाले, म्हणून शालेय प्रेममालिकांविषयी थोडे विस्ताराने लिहितो. दरवर्षी 7 जूनपासून तिथे गाओखाओ ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा सुरू होते. त्या काळात परीक्षा केंद्रांच्या आसपासची बांधकामे थांबवली जातात, वाहनांना हॉर्न वाजवण्याची मनाई असते आणि कित्येक आया यश लाभावे म्हणून लाल रंगाचा पारंपरिक पोशाख घालून शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या राहतात. एक मूल धोरण 2015 च्या अखेरपर्यंत लागू असल्याने त्या फाटकाबाहेरच्या बहुतेक पालकांची सारी आशा एकाच मुलावर असे. शाळकरी वयातल्या प्रेमाला शिक्षक आणि पालक इतके का घाबरतात, हे तो जून महिना प्रत्यक्ष पाहिल्यावर मला कळले.

2017 ची 'अ लव्ह सो ब्यूटिफुल' ही मालिका या भीतीच्या पार्श्वभूमीवर पाहायला हवी. अबोल, हुशार ज्यांग छेन आणि अभ्यासात मागे पडणारी, त्याच्यावर उघडपणे प्रेम करणारी छेन श्याओशी यांच्यात खलनायक कोणीच नाही. पुढे तो डॉक्टर होतो, ती चित्रकार होते. मधल्या वर्षांत ते दुरावतात आणि पुन्हा भेटतात. एवढ्या साध्या कथेला वजन येते ते गुणपत्रिकेमुळे. कोणते विद्यापीठ मिळेल यावर कोणते शहर मिळणार हे ठरते आणि शहरावरून दोघे एकत्र राहणार की नाही हे ठरते. मूळ मालिकेचे भाग पाऊण तासाच्या आसपासचे आहेत आणि त्यांत वर्गातली कंटाळवाणी दुपार, रात्रीचा अभ्यास, मित्रांची निरर्थक भांडणे यांना भरपूर वेळ दिलेला आहे. 2020 च्या अखेरीस सुरू झालेल्या कोरियन रिमेकचे भाग अर्ध्या तासाहूनही लहान आहेत. परीक्षेचे दडपण कोरियातही काही कमी नाही, त्यामुळे तिथे ही कथा सहज रुजायला हवी होती. परंतु वेळच अपुरा पडल्याने नायकाचा अबोलपणा लाजरेपणासारखा न वाटता तुटकपणासारखा वाटतो. मूळ नायकही तुटकच आहे, मात्र इतक्या दीर्घ सहवासात त्याच्या बारीकसारीक काळजीच्या कृती आपल्या नजरेत साठत जातात. रिमेकमध्ये त्या साठण्याआधीच पुढचा प्रसंग येतो.

अमरावती, महाविद्यालयीन विद्यार्थिनी

24 नोव्हेंबर 2020 रोजी भारत सरकारने 43 अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत वीटीव्ही आणि मँगो टीव्ही ही चिनी मालिकांची अ‍ॅपही होती. त्यानंतर माझ्या ताईने आणि मी विकी (Viki) या आशियाई मालिका दाखवणाऱ्या संकेतस्थळावर मालिका पाहायला सुरुवात केली. तिथली सबटायटल्स स्वयंसेवक तयार करतात. एखाद्या सणाचा किंवा कवितेचा संदर्भ आला की त्यांपैकी काही जण पडद्यावरच छोटी टीप देतात. त्या अनोळखी माणसांनी फुकट केलेल्या कष्टांमुळेच मला तांग काळातील कवितेची गोडी लागली, आणि याबद्दल त्यांचे आभार मानायला मला दुसरी जागा नाही.

पुणे, गृहिणी

माझी मुलगी दहावीत असताना 'हिडन लव्ह' ही 2023 ची 25 भागांची मालिका आम्ही दोघींनी मिळून पाहिली. भावाच्या मित्रावर शाळेपासून मन जडलेली सांग जी आणि तिच्याहून काही वर्षांनी मोठा असलेला द्वान ज्याशू यांची ही कथा आहे. वयातल्या अंतरामुळे तिच्यावर आक्षेप घेतले गेले, आणि आई म्हणून ते आक्षेप मी गांभीर्यानेच घेते. तरीही माझे मत मालिकेच्या बाजूने आहे, कारण ती शाळेत असेपर्यंत त्याच्या मनात धाकट्या बहिणीबद्दलच्या मायेपलीकडे काही नसते; ती विद्यापीठात आल्यानंतरच नाते बदलते आणि तेही तो बराच काळ स्वतःशी झगडल्यानंतर. वडिलांच्या हातून झालेल्या अपघाताचे ओझे वाहणारा हा मुलगा आपण कोणाच्या प्रेमाला पात्र आहोत असे मानतच नाही, आणि हा पदर मला वयाच्या प्रश्नाहून अधिक महत्त्वाचा वाटला.

'हिडन लव्ह' जिच्या कादंबरीवर आहे, त्याच लेखिकेच्या दुसऱ्या कादंबरीवर 2025 मध्ये आलेली 'द फर्स्ट फ्रॉस्ट' मात्र मी आधी एकटीने पाहिली. नातेवाइकांच्या घरात मुलीवर ओढवलेला प्रसंग आणि आईने त्याकडे केलेले दुर्लक्ष हा तिचा विषय आहे. तो इतक्या संयमाने हाताळला आहे की, नंतर मी ती मुलीला मुद्दाम दाखवली आणि तिच्याशी त्याविषयी मोकळेपणाने बोलले. असे बोलणे आमच्या घरात एरवी कधी निघाले असते, हे मला सांगता येत नाही.

बेंगळुरू, संगणक अभियंता

धाग्याच्या आरंभी 'मीटिअर गार्डन'चा उल्लेख आला आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. मूळ कथेत श्रीमंत मुलांचे टोळके ज्याच्यावर चिठ्ठी चिकटवेल त्याचा सारी शाळा छळ करते, आणि त्या टोळक्याच्या म्होरक्यावरच नायिकेचे प्रेम बसते. 2018 च्या चिनी मालिकेत ही क्रूरता बरीच सौम्य केलेली आहे; ही चौघे मुले अभ्यासात हुशार आहेत आणि ब्रिज खेळतात. छळ करणाऱ्या मुलाला प्रेमाच्या नावाखाली माफ करण्याची शिकवण नव्या पिढीला मिळू नये, असे मला मनापासून वाटते आणि म्हणून हा बदल मी योग्य मानतो.

ठाणे, बँक कर्मचारी

मला हे पटत नाही. छळ सौम्य झाला तसे नायिकेचे उभे राहणेही सौम्य झाले. तैवानच्या 2001 च्या मालिकेत साध्या घरातली शानत्साय त्या मुलाला भर गर्दीत सामोरी जाते तेव्हा आपला श्वास रोखला जातो, कारण तिने काय पणाला लावले आहे हे आपल्याला दिसत असते. क्रूरता दाखवून तिचा स्पष्ट निषेध करणे हा मार्ग रिमेकला उपलब्ध होता. थायलंडच्या मालिकेने तोच निवडला, आणि छळ पाहत गप्प राहणाऱ्या बाकीच्या विद्यार्थ्यांनाही जाब विचारला.

मुंबई, डबिंग कलाकार

आवाजाविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. चिनी मालिकांत पडद्यावरच्या नटाचा आवाज अनेकदा त्याचा स्वतःचा नसतो. झेजियांग प्रांतातील हेंगदियान येथील अवाढव्य चित्रनगरीत अनेक मालिकांची चित्रीकरणे शेजारीशेजारी चालतात, तिथे गोंगाट असतो, आणि तैवान, हाँगकाँग किंवा ईशान्य चीनमधून आलेल्या नटांचे उच्चार एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे विशेषतः ऐतिहासिक मालिकांत स्वतंत्र आवाज कलाकार संपूर्ण भूमिका बोलतात. म्हणजे आम्ही हिंदी आवाज देतो तेव्हा बऱ्याचदा तो चेहऱ्यावर चढलेला दुसरा आवाज असतो. कोरियन रिमेकमध्ये नटाचा स्वतःचा, प्रसंगातच ध्वनिमुद्रित झालेला आवाज ऐकू येतो. रडताना त्याचा श्वास अडखळतो, शब्द अर्धवट राहतात. नाशिकच्या ताई आणि ठाण्याच्या ताई यांच्या मतांत जो फरक आहे, त्याचे थोडे कारण यातही असावे असे मला वाटते. मात्र मूळ चिनी आवाज कलाकारांना मी दुय्यम मानणार नाही. दोन माणसे कमीत कमी शब्दांत निरोप घेतात, अशा प्रसंगांतला त्यांचा संयम मी कामासाठी पुन्हा पुन्हा ऐकते.

सिंगापूर, मूळ गाव कोल्हापूर

'गो अहेड' ही 2020 ची मालिका प्रेममालिका म्हणावी की कुटुंबकथा, यावर मतभेद होतील, पण रिमेकच्या चर्चेत ती यायलाच हवी. श्यामेन शहरात नूडल्सचे छोटे दुकान चालवणारा एक विधुर बाप, वरच्या मजल्यावर राहणारा पोलीस अधिकारी, आणि रक्ताचे नाते नसलेली तीन मुले एका टेबलावर जेवत वाढतात. मुलगे मोठे होऊन परदेशी जातात, त्यांतला एक इथे सिंगापूरला, आजारी आईजवळ येतो. परतल्यावर त्यांचे त्या मुलीवर प्रेम असल्याचे उघड होते. चाळीसच्या घरातल्या भागसंख्येमुळे पहिला बराच काळ आपण फक्त त्यांची जेवणे, भांडणे आणि शाळेचे डबे पाहत राहतो. म्हणूनच नंतर भाऊ म्हणून वाढलेल्या मुलाने प्रेम व्यक्त केले की तिच्याइतकाच आपल्यालाही धक्का बसतो. 2024 च्या 'फॅमिली बाय चॉइस' या कोरियन रिमेकने हेच 16 भागांत नीटनेटके सांगितले आहे. दोन बापांची जोडी तिथेही अतिशय लोभस आहे आणि मूळ मालिकेच्या उत्तरार्धातला कंटाळवाणा पसारा तिथे नाही. पण तो धक्का मला बसला नाही, कारण त्यांना भावंडे मानण्याइतका वेळच मला मिळाला नव्हता.

ही कथा मराठीत व्हावी असे मला फार वाटते. बंगाली 'श्रीमयी'वरून 'आई कुठे काय करते' झाली, तेव्हा रूपांतर आपल्याला नवे नाही. खानावळ चालवणारा बाप कोल्हापुरात शोधावा लागणार नाही, आणि बायको गेल्यावर दुसऱ्याचे मूल सांभाळणाऱ्या पुरुषाला शेजारपाजार काय काय ऐकवतो, हेही आपल्याकडे चांगलेच ठाऊक आहे. अट एकच घालावीशी वाटते : ती रोजची वर्षानुवर्षे चालणारी मालिका न करता पन्नासेक भागांत संपवावी, आणि त्यांतले पहिले पंधरा भाग तरी मुलांना मोठे करण्याची घाई न करता खानावळीतच घालवावेत.